जिवाणू खत लावले, पण ते जगले का?

कोरेगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारले आहे, "गेल्या खरिपात सोयाबीनला रायझोबियम लावले. शेजाऱ्याने लावले नाही. उतारा दोघांचा सारखाच. मग यंदा कल्चरवर खर्च कशाला करू?"

प्रश्न रास्त आहे. रायझोबियम म्हणजे शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला देणारे जिवाणू, आणि कल्चर म्हणजे त्यांचे पाकिटातले खत. मला आधी सांगा, त्या रानात सोयाबीन किती वर्षे घेताय? वर्षानुवर्षे सोयाबीन असेल तर त्याचे रायझोबियम मातीत मुळातच असते, आणि कल्चर लावले तरी फरक थोडाच दिसतो. खरा फरक दिसतो तो पहिल्यांदाच सोयाबीन पेरलेल्या किंवा बरीच वर्षे उसाखाली राहिलेल्या रानात. पाकीटही सोयाबीन गटाचेच हवे. हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनच्या मुळावर गाठी करत नाही.

दुसरे, बीजप्रक्रियेचा क्रम. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू. घाईत तिन्ही एकाच घमेल्यात कालवले जाते आणि जिवाणू तिथेच मरतात. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम आणि २५० ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू चोळा, बियाणे सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात ताडपत्रीवर पसरू नका.

काम झाले की नाही, हे उताऱ्याची वाट न पाहता कळते. पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी चार-पाच झाडे खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. मुळे बादलीत हलकेच धुवा आणि गाठ नखाने कापा. आत लालसर गुलाबी रंग असेल तर गाठ हवेतला नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती काम करत नाही. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्याच द्रव्याचा असतो. पीक जरा पिवळे दिसले की युरिया फेकायची सवय मात्र सोडा. नत्र आयता मिळाला की झाड गाठी पोसत नाही. पेरणीवेळचा शिफारशीतला नत्र पुरेसा असतो. शिवाय पिवळेपणाचे कारण पुष्कळदा चुनखडीच्या जमिनीतली लोहाची कमतरता असते, तिथे युरियाचा उपयोगच नाही.

वाळवा तालुक्यातून आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या) उसाबद्दल विचारणा आहे: अ‍ॅसिटोबॅक्टर कसे वापरायचे आणि युरिया खरेच निम्मा करता येतो का?

अ‍ॅसिटोबॅक्टर हा नत्र बांधणारा जिवाणू मुळाच्या बाहेर नव्हे, तर उसाच्या आत, पेशींच्या मधल्या जागेत राहतो. म्हणून सरीत फेकण्यापेक्षा टिपरी (लागणीचे उसाचे तुकडे) बुडवणे महत्त्वाचे. एकरी ४ किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि अर्धा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू ४० लिटर पाण्यात कालवा आणि टिपरी त्यात ३० मिनिटे ठेवा. त्याआधी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम घेऊन १० मिनिटांची प्रक्रिया करा. त्यानंतर टिपरी निथळूनच जिवाणूंच्या द्रावणात टाका.

या प्रक्रियेनंतर नत्रात ५० टक्के आणि स्फुरदात २५ टक्के बचत, अशी शिफारस आहे. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र धरले, तर निम्म्याचा अर्थ एकरी जवळपास चार पोती युरिया वाचला. तरीही पहिल्याच वर्षी सगळ्या रानात निम्म्यावर येऊ नका, असे माझे मत आहे. माती परीक्षण करा, एक चतुर्थांशाने सुरुवात करा आणि चार-सहा सऱ्यांना पूर्ण मात्रा देऊन तुलना ठेवा. पण जिवाणूही लावायचे आणि युरियाही पूर्ण द्यायचा, हे करू नका. नत्र जास्त झाला की उसातली या जिवाणूंची संख्या घटते.

पाचट (उसाची वाळलेली पाने) जाळावे का, हा प्रश्न आजही येतो याचे मला वाईट वाटते. नाही, जाळू नका. सेंद्रिय कर्ब हे जिवाणूंचे अन्न आहे, आपण त्यांचे ताटच पेटवतो. पाचट सरीत आडवे करा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्या. इथे युरिया हवाच, कारण पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी असतो. तो दिला नाही तर कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडतो.

पलूसच्या कृष्णाकाठावरून एका ताईंनी विचारले आहे की क्षारपड रानात कोणते कल्चर चालेल. ताई, पाणी साचते तोवर कोणत्याच कल्चरवर पैसे घालू नका. साचलेल्या पाण्यात मातीत हवा उरत नाही. उपयोगी जिवाणू मागे पडतात आणि दुसरेच जिवाणू नायट्रेटचा वायू करून तो हवेत घालवतात. म्हणजे दिलेले खतही जाते. आधी चर किंवा सच्छिद्र पाइपचा निचरा करा. मग माती परीक्षणानुसार, जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) निघाली तरच जिप्सम द्या. त्यानंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून ४५-५० दिवसांनी गाडा. धैंचा क्षार बऱ्यापैकी सोसतो आणि त्याच्या मुळांवर गाठीही येतात. जिवाणू खताची पाळी त्यानंतर. आपल्या भागात कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनीवर काम चालते, तिथे माती अहवाल घेऊन जा.

मिरजेच्या हळद उत्पादकांसाठी थोडक्यात: ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. शेणखतात ती जिवाणूंसोबत मिसळायला हरकत नाही. कंदकुजीसाठी बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) मात्र त्याच आठवड्यात करू नका, निदान पंधरा दिवसांचे अंतर ठेवा.

खरेदी करताना पाकिटावर पिकाचे नाव आणि वापराची अंतिम तारीख बघा. २००६ पासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटी जिवंत जिवाणू असायलाच हवेत. पण तेच पाकीट दुकानात पत्र्याखाली तापत पडले असेल, तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. सावलीत, थंड जागी ठेवलेलेच घ्या, पक्के बिल मागा आणि घरी आणल्यावर खताच्या पोत्यांशेजारी ठेवू नका.