औषधाचे माप टोपणाने नव्हे, मिलिलिटरने घ्यावे

प्रश्न : फवारणीचे औषध पंपाला एक टोपण, टिपाडाला एक पेला घ्या असे दुकानदार सांगतात, तर लेबलवर हेक्टरी मिलिलिटर छापलेले असते. हा हिशेब कसा जुळवावा? तसेच बियाणे मोजण्याच्या पायलीचे लिटर किंवा किलो किती धरावेत?

उत्तर : टोपण हे माप नव्हे. एकाच औषधाच्या लहान आणि मोठ्या बाटलीच्या टोपणांतही सारखे औषध मावत नाही. खात्री हवी असल्यास सुई काढलेल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजने टोपणात पाणी भरून पाहावे. लेबलवर हेक्टरी २५० मिलिलिटर औषध आणि ५०० लिटर पाणी असेल, तर दोन्ही आकडे अडीचने भागावेत. एकरी १०० मिलिलिटर औषध आणि २०० लिटर पाणी येते, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साडेसात मिलिलिटर आणि २० लिटरच्या पंपाला दहा. १५ लिटरच्या पंपात १५ मिलिलिटरचे टोपण रिकामे केले की मात्रा थेट दुप्पट होते. इंजिनवर चालणाऱ्या पॉवर पंपाला पाणी कमी लागते. तेथे एकरी १०० मिलिलिटर हाच आकडा कायम ठेवून तो एकराला लागणाऱ्या पंपांत विभागावा.

‘थोडे जास्त टाका, लवकर गुण येईल’ हा दुकानदाराचा सल्ला मानू नये. जादा मात्रेने पाने करपतात, मित्रकीटक मरतात, मालात औषधाचा अंश राहतो आणि खर्चही वाढतो. फवारणीची वेळ टळली म्हणून मात्रा वाढवणे तर सर्वांत वाईट, कारण मोठ्या झालेल्या अळीवर किंवा तणावर त्याचा भरवसा नसतो आणि पिकाला इजा मात्र होते. पुन्हा सांगतो, मात्रा लेबलचीच ठेवावी, दुकानदाराची नव्हे. भुकटीचे औषधही टोपणाने घेऊ नये. तिचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम नव्हे, म्हणून ती वजन करूनच घ्यावी.

पायली म्हणजे चार शेर किंवा आठ मापटी, परंतु हे आकारमानाचे माप आहे. ते भागाभागांत लहानमोठे असते, शिगोशीग आणि सपाट भरण्यात फरक पडतो, आणि पायलीभर ज्वारी व पायलीभर सोयाबीन यांचे वजन सारखे भरत नाही. आपली पायली एकदा त्याच बियाण्याने सपाट भरून काट्यावर तोलावी आणि तो आकडा पायलीवरच लिहून ठेवावा.

फवारणी पंपाच्या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. पूर्वसंमतीपूर्वी खरेदी करू नये. मापाचे भांडे मात्र आजच घ्यावे, औषधासाठी वेगळे ठेवावे आणि ते तीन वेळा धुतलेले पाणी पंपातच ओतावे.