किनाऱ्याचा रस्ता सपाट नसतो रे!

नाशिकच्या डिसेंबरात पहाटे हँडल धरवत नाही, म्हणून सायकलवरच्या सहलीला कोकण निवडलंस ते बरं केलंस. पण ‘समुद्राकाठी कसले चढ’ हे आधी डोक्यातून काढ. खाडी आली की रस्ता उतरतो, गाव मागे पडलं की पुन्हा चढतो, दिवसभर हेच. रविवारी त्र्यंबकला जाऊन येतोस ना, तेच साठेक किलोमीटर सलग दोन दिवस, मागे सामान बांधून करून बघ. पाय काय म्हणतात ते कळेल.

पहिल्या खेपेला अलिबाग ते गुहागर पुरे. तिथवर जाताना नाशिकहून कसारा घाट सायकलवर उतरायचा हट्ट नको, ट्रकांच्या गर्दीत कसली मजा! आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. शेवटची बोट किती वाजता सुटते, हे आदल्या मुक्कामीच विचारून ठेव. माझी एकदा दहा मिनिटांनी चुकली. रात्र एका पडवीत डास मारत काढली.

आणि वाळूत सायकल घातलीस, तर त्याच संध्याकाळी चेन गोड्या पाण्याने धू, कोरडी पूस, तेल दे. सकाळवर ढकललंस, तर तांबूस झालेली दिसेल.