गाडीतली वीज ग्रिडला द्यावी का?

प्रश्न: सौर आणि पवनऊर्जेची वीज साठवायला लोकांच्या इलेक्ट्रिक गाड्या वापरता येतील, असं वाचलं. ग्रिडने, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याने, रात्री माझी बॅटरी रिकामी केली, तर सकाळी कामावर कशी जाऊ? आणि बॅटरी लवकर थकली तर भुर्दंड कोणाचा?

उत्तर: तुमची सकाळची काळजी सहज मिटण्यासारखी आहे. बॅटरी ६० युनिटची धरा. संध्याकाळी तीन तास ३ किलोवॅटने वीज दिली, तर ९ युनिट जातील. चाळीसेक किलोमीटरच्या ये-जा साठी ६ ते ८ युनिट पुरतात. किती वाजता किती चार्ज हवा आणि कुठल्या पातळीखाली उतरायचं नाही, हे मालकानेच ठरवायचं. ही मुभा नसेल, तर अशा योजनेत अजिबात जाऊ नका.

मी उमेदीची वर्षं भारप्रेषण केंद्रात, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या केंद्रात, काढली. सूर्य कलला की सौरवीज झपाट्याने उतरते आणि नेमकी तेव्हाच घराघरांतली मागणी चढते. त्या दोन-तीन तासांसाठी जिवाचं रान करावं लागतं. एक लाख गाड्यांनी प्रत्येकी ३ किलोवॅट दिले तरी ३०० मेगावॅट होतात, म्हणजे औष्णिक केंद्राचा एक संच. गाड्या तर बहुतेक वेळ उभ्याच असतात! विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्रे या संशोधकांनी ही कल्पना १९९७ मध्येच मांडली होती. २०११च्या भूकंपानंतर जपानमध्ये निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर घर चालवण्याची सोय विक्रीला आली.

आता भुर्दंड. लिथियम-आयन बॅटरी नुसती उभी असतानाही थकते. काठोकाठ भरून उन्हात ठेवली तर जास्तच. त्यामुळे मधल्या पातळीत थोडीशी वीज देणं तितकं घातक नाही. तरी भरण्या-उतरण्याचं प्रत्येक जादा चक्र काहीतरी झीज करतंच, शिवाय काही वीज रूपांतरात वाया जाते. या दोन्हींची भरपाई मालकाला मिळालीच पाहिजे, याबाबत मी ठाम आहे.

म्हणून माझ्या मते पहिलं पाऊल वीज परत देण्याचं नाही, तर चार्जिंगची वेळ बदलण्याचं आहे. दुपारी सौरवीज मुबलक असताना गाडी भरा आणि संध्याकाळी प्लग लावणं टाळा. बॅटरीची जादा झीज न होता ग्रिडवरचा ताण उतरतो. पुढे वीज द्यायची झाली, तर दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर लागेल आणि गाडीतही तशी सोय हवी. करारावर सही करण्याआधी, वीज परत दिली तरी बॅटरीची वॉरंटी कायम राहील, हे गाडीच्या कंपनीकडून लेखी घ्या.