वेस्टिंगची तारीख बघ, मग राजीनामा टाईप कर

अरे,

ऑफर लेटर वाचलं तुझं. पगार छान आहे, पण तू ईसॉपचा, म्हणजे कंपनी कर्मचाऱ्यांना शेअर घ्यायचा हक्क देते त्या योजनेचा, आकडा सीटीसीत म्हणजे वर्षाच्या एकूण पॅकेजमध्ये धरून आत्ताच फ्लॅटच्या हप्त्याची गणितं करायला लागलायस, ते जरा थांबव. ४,८०० ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या भावाने तेवढे शेअर घ्यायचे हक्क, लिहिलेत म्हणजे ते आज तुझे झाले असं नाही, चार वर्षांत हळूहळू होणार, यालाच वेस्टिंग म्हणतात, त्यात पहिलं वर्ष क्लिफ, म्हणजे अकराव्या महिन्यात सोडलंस तर भोपळा, वर्ष भरलं की एकदम १,२०० आणि मग दर महिन्याला १००. सगळीकडे असंच असतं असंही नाही हं, ॲमेझॉनचं ५, १५, ४०, ४० टक्केवालं शेड्यूल तर प्रसिद्धच आहे.

आता वर्ष मोजायचं कुठून? सगळे जॉइनिंगपासून मोजतात आणि तिथेच फसतात. तुझ्या लेटरमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलंय की कंपनीच्या बोर्डाच्या मंजुरीनंतर ग्रँट मिळेल, ग्रँट म्हणजे ऑप्शन्स अधिकृतपणे तुझ्या नावावर देणं, आणि वर्ष तिथून मोजतात, म्हणजे बोर्डाने तीन महिने लावले तर तुझं वर्ष तीन महिने पुढे. आपल्याकडे २०१४ च्या कंपनी नियमांप्रमाणे ग्रँट आणि पहिलं वेस्टिंग यात कमीत कमी एक वर्ष लागतंच, त्यामुळे एचआर तोंडी काहीही म्हणू दे, ग्रँट लेटर हातात घे आणि त्यावरची तारीख बघ.

बरं, वेस्ट झाले तरी शेअर आपोआप येत नाहीत, एक्सरसाइज करावे लागतात, म्हणजे ठरलेला भाव भरून शेअर विकत घ्यावे लागतात, आणि खरी मेख इथे आहे. समज एक्सरसाइज प्राइस, म्हणजे तो ठरलेला भाव, ५० रुपये आणि शेअरची त्या दिवशीची व्हॅल्यू ४५०, तर १,२०० ऑप्शन्सचे ६०,००० कंपनीला द्यायचे आणि फरकाच्या ४,८०,००० वर पगारासारखा टॅक्स, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून जवळपास दीड लाख. खिशातून दोन लाखांच्या वर गेले, आणि कंपनी शेअर बाजारात लिस्टेड नसेल तर ते शेअर विकणार कुणाला? काही ठरावीक मान्यताप्राप्त स्टार्टअप्समध्ये हा टॅक्स पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की तोही भरावा लागतो.

म्हणून एचआरला आजच मेल टाक, नोटीस पीरियडमध्ये वेस्टिंग चालू राहतं का आणि सोडल्यावर एक्सरसाइज करायला किती दिवस मिळतात, कारण काही ठिकाणी ९० दिवसच देतात आणि मग वेस्ट झालेलेही हातचे जातात. स्कीमची पीडीएफ पण माग, आली की मला फॉरवर्ड कर.