खिम्याचे गोळे आणि संत्र्याचा सॉस

प्रश्न : थोरल्या मुलाला नोकरी लागल्यानिमित्त डिसेंबरमध्ये आमच्या शेतातील घरी पंचवीस जणांना बोलावले आहे. रश्श्याच्या जेवणाआधी हातात धरून खाता येतील असे मटणाच्या खिम्याचे गोळे आणि सोबत सॉस करावा असा विचार आहे. एकदा करून पाहिले, तेव्हा गोळे तेलात फुटले आणि बागेतील संत्र्यांचा रस आटवून केलेला सॉस कडू झाला. चूक कोठे झाली असेल?
– एक वाचक, वरूड तालुका, जि. अमरावती

उत्तर : आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ वेगवेगळे आहे. गोळे फुटतात ते बहुधा पाण्यामुळे. आपल्याकडे खिमा घरी आणल्यावर धुण्याची सवय आहे. पण बारीक झालेले मांस धुतले की त्यात पाणी अडकून राहते, आणि तेच पाणी गरम तेलात वाफ होऊन गोळा फोडते. म्हणून मटणाचे तुकडे आधी धुऊन, पूर्ण निथळून, मगच खाटकाकडून दोनदा बारीक करून घ्यावेत. त्यात साधारण पाचवा हिस्सा चरबी असू द्यावी, कारण निव्वळ कोरड्या मांसाचा गोळा चिवट होतो.

एक किलो खिम्यात प्रथम फक्त अडीच लहान चमचे मीठ घालून चार-पाच मिनिटे कणकेसारखे मळावे. मिठामुळे मांसातील प्रथिने सुटी होऊन खिमा चिकट होतो आणि गोळ्याला खरी बांधणी याच चिकटपणाने मिळते. अंडे आणि पीठ ही नंतरची मदत. त्यानंतर किसून घट्ट पिळलेले दोन कांदे, आले-लसूण, तिखट, कोथिंबीर, एक अंडे आणि शंभर ग्रॅम फुटाण्याच्या डाळ्यांची पूड मिसळावी. बेसनाचा मोह टाळावा, कारण ते आत कच्चट राहते. लहान लिंबाएवढे गोळे वळल्यास सुमारे पन्नास होतात. प्रत्येकी चार धरले, तर आपल्याला सारे प्रमाण दुप्पट घ्यावे लागेल. वळलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत, आधी एकच तळून मीठ आणि बांधणी पाहावी, आणि बाकीचे मध्यम आचेवर, कढईत दाटी न करता, सहा-सात मिनिटे तळावेत. प्रत्येक घाण्यातील एक गोळा कापून आत गुलाबीपणा उरलेला नाही याची खात्री करावी. अखंड तुकड्यावरील जंतू पृष्ठभागावरच असतात, खिम्यात मात्र ते आतपर्यंत मिसळले जातात.

आता सॉस. संत्र्याच्या रसात लिमोनिन नावाचे कडू द्रव्य काही वेळाने तयार होते. रस तापवला की ते लवकर होते, आणि मिक्सरमध्ये बिया व पांढरे धागे वाटले गेले असतील तर कडवटपणा आणखी वाढतो. म्हणजे दोष आपल्या संत्र्यांचा नाही, आटवण्याचा आहे. शंभर ग्रॅम चिंचेचा कोळ, दीडशे ग्रॅम गूळ, भिजवून वाटलेल्या सहा-सात भिवापुरी मिरच्या, लसूण आणि मीठ एकत्र उकळून चमच्याला चिकटेल इतके दाट करावे, खाली उतरवून कोमट होऊ द्यावे आणि मगच हाताने पिळलेला, गाळलेला वाटीभर ताजा रस ढवळावा. तिखट न सोसणाऱ्यांसाठी दह्यात कालवलेली जवसाची चटणी ठेवावी. मला स्वतःला तीच अधिक आवडते. सॉस प्रत्येकाला पळसाच्या लहान द्रोणात वेगळा द्यावा, म्हणजे उष्टा गोळा सामाईक वाडग्यात बुडणार नाही.

प्रश्न : हे गोळे आदल्या रात्री वळून ठेवले तर चालतील का?

उत्तर : फ्रिज रात्रभर खात्रीने चालणार असेल तरच. वीज जाण्याचा भरवसा नसेल, तर खिमा त्याच दिवशी आणावा आणि कच्चा असताना दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. आदल्या दिवशी चिंच-गुळाचा पाक तेवढा करून ठेवावा. रस मात्र पाहुणे आल्यावरच पिळावा.