गीझर लावला की ईएलसीबी पडतो

प्रश्न : १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांनी ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. एमसीबी मात्र जागेवरच. वायरमन म्हणतो, ईएलसीबी बदला. बोअरचं पाणी आहे.

उत्तर : थांबा, ईएलसीबी बहुधा आपलं काम चोख करतोय. एमसीबी जादा लोड किंवा शॉर्टला पडतो. २ किलोवॅटला साधारण ९ अँपिअर लागतात, तिथे तक्रार नाही. ईएलसीबी (घरात सहसा ३० मिलिअँपिअरचा) पडतो तो करंट अर्थकडे गळतो म्हणून.

संशय एलिमेंटवर, म्हणजे टाकीतल्या पाणी तापवणाऱ्या नळीवर. बोअरच्या क्षारांचा थर बसून तांब्याची नळी जास्त तापते, तिला बारीक चीर जाते आणि आतल्या पांढऱ्या पावडरीत (ती करंट बाहेर येऊ देत नाही) ओल शिरते. चीर तापल्यावर उघडते, म्हणून ती पाच मिनिटं.

गीझरचा प्लगच काढा. नुसतं बटण बंद केल्याने फेज तुटतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि गळती चालूच राहू शकते. प्लग काढल्यावर ईएलसीबी टिकला तर दोष गीझरमध्येच. मग एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवून टर्मिनल आणि टाकीची बॉडी यांत ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) मोजायला सांगा. १ मेगाओहमच्या खाली आलं की एलिमेंट बाद. साध्या मल्टिमीटरवर ही गळती अनेकदा दिसतच नाही.

नवा एलिमेंट त्याच वॅटचा, गॅस्केटही नवं. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियम रॉड झिजला असेल तर तोही त्याच वेळी बदला. नळाला पाणी आल्याशिवाय बटण दाबू नका, कोरडा एलिमेंट लगेच जळतो. आणि अर्थची वायर काढून ‘आता पडत नाही’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.