स्टाफचं जेवण: अकरा वाजता, बसून

प्रश्न: नाशिकला माझं चाळीस खुर्च्यांचं हॉटेल आहे. आचारी, वेटर, भांडी घासणाऱ्या मावशी धरून १४ माणसं. दुपारची गर्दी ओसरली की जे उरेल ते ज्याचं तो उभ्याउभ्या खातो. दोन चांगली पोरं जेवणाचे हाल होतात म्हणून सोडून गेली. वेगळा स्वयंपाक करायचा तर खर्च झेपेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, झेपेल. आधी हिशेबच सांगतो. १४ जणांना एका वेळी दीड किलो तांदूळ, ६०० ग्रॅम तूरडाळ, दोन किलो भाजी, सव्वा किलो कणीक, वर कांदा-लिंबू. गिऱ्हाइकाच्या एका टेबलाच्या बिलात हे सगळं बसतं. पगारातून मात्र एक रुपया कापू नका.

मी सोळाव्या वर्षी मुंबईच्या एका हॉटेलात मोरीवर लागलो. आम्हाला जेवण साडेचारला. पातेल्याच्या बुडाची ग्रेव्ही आणि आदल्या रात्रीचा भात. एकदा तो भात खाऊन आम्ही तिघं रात्रभर ओकत होतो आणि सकाळी परत कामावर. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की त्यात जंतू वाढून विष तयार होतं आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून उरलेला भात स्टाफला ही पद्धत आजच बंद करा.

जेवण गर्दीच्या आधी, अकराला. भटारखान्यातच सतरंजी टाका, सगळे एकदम बसू देत, आणि तुम्हीही त्याच पातेल्यातलं जेवा. डाळ पातळ झाली की मग तुम्हाला कुणी सांगायला नको.

रांधायची पाळी लावा. जपानच्या हॉटेलांत या जेवणाला माकानाई म्हणतात. ते बऱ्याचदा नव्या पोरांकडे देतात आणि वरचे आचारी चव घेऊन चुका सांगतात. माझ्याकडे बिहारचा एक पोरगा कांदे सोलायला होता, तोंडातून शब्द निघायचा नाही. त्याच्या पाळीला त्याने बटाटे उकडून हाताने कुस्करले, त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि वरून कच्चं सरसोंचं तेल. भटारखानाभर तो झणका उठला. त्या दिवशी आमचा म्हातारा आचारी त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारून म्हणाला, "अजून वाढ रे." महिनाभरात पोरगा तव्यावर उभा राहिला.

एक राहिलं. मावशींचं ताट पहिलं वाढा. इतरांचं उरकतं तेव्हा त्यांच्यापुढे खरकट्याचा ढीग पडतो, आणि ‘मग जेवते’ म्हणत त्या तशाच उभ्या राहतात. त्यांचा हात धुवून झाला का, ते तुम्ही स्वतः बघा.